कुर्डू माजला ते वर्ष

ठकूनं आम्हाला फसवलं. मला आणि माझ्या आईला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मला फुलांबद्दल लिहायचं आहे, आणि फुलांबद्दल लिहायला बसलं की माणूस मऊ पडतो. मी मऊ पडले तरी वाचणाऱ्यानं हे पहिलं वाक्य विसरू नये.

भाद्रपद लागला. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला माझा वाफा आहे, तो गुलाबी झाला आहे. कुर्डू फुलला. कंबरेएवढी सरळ रोपं, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक तुरा, तुरा खाली रुपेरी आणि शेंड्याला गुलाबी, गुल लावलेल्या काडीसारखा. ऊन शेजारच्या गच्चीवरून उतरून वाफ्यावर येईपर्यंत मी चहाची कपबशी घेऊन पायरीवर बसलेली असते. आधी येते ती बारकी मधमाशी, झुडपात तळहाताएवढं पोळं बांधणारी. ती तुऱ्याच्या बुडापासून गोल गोल वर चढते, जिना चढल्यासारखी. मागून नखाएवढी निळी फुलपाखरं येतात, त्यांना बसायला तुरा कमी पडतो म्हणून एकमेकांना ढकलतात. आठ वाजेपर्यंत वाफा गुणगुणायला लागतो. मागच्या गल्लीत कुणाची तरी पाण्याची मोटार चालू असते, तिचा आवाज आणि हा आवाज एकमेकांत मिसळतो, आणि मला क्षणभर कळत नाही की मी कुठल्या वर्षात बसले आहे.

हर्सूलला जेलच्या पलीकडे माझं घर आहे. माझ्या पैशाचं, माझ्या नावावरचं. आमच्या गल्लीत सगळ्यांकडे बाग आहे आणि सगळ्यांच्या बागेत तीच चार झाडं आहेत, जी दुकानातून आणलेली आहेत. शेजारच्या मॅडमनी एका वर्षी कुंपणावरून डोकावून विचारलं, "आक्का, माळी पाठवू का? तण फार वाढलंय तुमच्याकडं."

"तण न्हाय ते. पेरलंय मी."

"पेरलंय?" त्या हसल्या. चांगल्या बाई आहेत, हसणं वाईट नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच कुंपणावरून त्यांनी विचारलं, "आक्का, आमच्या वेलाला कारलं धरत नाही हो. फूल येतं, मागची कळी पिवळी पडते आणि गळून जाते. तुमच्या वेलाला एवढी कशी?" मी म्हटलं, "मॅडम, फुलाला पाहुणा लागतो. तुमच्याकडं पाहुण्याला जेवायला काही नसतं, तो माझ्याकडं पंगतीला बसतो आणि जाताजाता माझ्या कारल्याला भेटून जातो." त्यांनी थोडा विचार केला आणि थोडं बी मागितलं. मी दिलं. पण त्याबदल्यात त्यांच्या भिंतीवरची औषधाची फवारणी बंद करून घेतली. फुकट मी कुणाला काही देत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

कुर्डू पेरते म्हटलं तर आमच्या गावात लोक मला वेड्यात काढतील. करमाडच्या पुढं आमचं गाव. तिथं कुर्डू उपटायची गोष्ट आहे. बाजरीत, तुरीत, कपाशीत तो आपला आपण येतो, आणि त्याला काढायला बाया लावाव्या लागतात. त्या बायांमध्ये माझी आई होती आणि तिच्या मागं मी होते. ज्याला उपटण्यात माझं सगळं लहानपण गेलं, त्याच्यासाठी मी आता मृगाच्या आधी जमीन भुसभुशीत करते. बी खसखशीएवढं, काळं, चकचकीत. मुठीत धरलं की बोटांच्या फटीतून निसटून जातं, म्हणून राखेत कालवून टाकायचं. वर माती ओढायची नाही, नुसता तळवा दाबायचा. त्याला उजेड दिसला की तो उठतो. खत घालायचं नाही. पोसलेला कुर्डू नुसता पानावर जातो, आयतं खाणाऱ्यासारखा. वीतभर झाला की शेंडा खुडायचा. शेंड्यांची भाजी होते, आणि खुडलेल्या जागी चार फांद्या फुटतात, म्हणजे चार तुरे. एक तुरा खालून वर उमलत दीड-दोन महिने टिकतो. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत माशीला अन्न पुरतं. मग वर्षाचं झाड वाळून जातं. त्याचा तेवढाच कारभार.

पहिल्या वर्षी मी बी विकत आणायला गेले, ती माझी चूक. जालना रोडला एक रोपवाटिका होती. तिथल्या माणसाला सगळे भाईजान म्हणत.

"भाईजान, कुर्डूचं बी पाहिजे."

"कुर्डू? आक्का, वो तो बकरी खाती."

"बकरीसाठीच समजा. हाय का न्हाय ते सांगा."

"है ना. पेशल माल है."

मी अर्धा तास घासाघीस केली आणि त्याला रडकुंडीला आणून पुडी घेतली. श्रावणात त्यातून शोभेचा कोंबडा फुलला. मखमली, लालभडक, मुठीएवढा. माझ्या माश्या यायच्या, भोवती दोन फेऱ्या मारायच्या आणि मांडव मोठा पण जेवण नाही असं कळलेल्या वऱ्हाडासारख्या परत जायच्या. मी एक फूल तोडून तडक भाईजानच्या पुढ्यात आपटलं. तो फुलाकडं बघून शांतपणे म्हणाला, "आक्का, खानदान एकच है. ये जरा शहर में पला, बस." मला इतका राग आला की मी हसले. नंतर चौकशी केली तर तो खरं बोलला होता, खानदान एकच आहे. अशी फसवणूक मला चालते. समोरासमोर होते, पुडीत होते, आणि दुसऱ्या दिवशी फसवणारा तिथंच बसलेला सापडतो.

खरा कुर्डू आला तो लेंडीखतातून. पुढच्या पावसाळ्याआधी एका धनगराचा वाडा, म्हणजे कळपाचा तळ, आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर मेंढरं बसवायला आला होता. मी त्यांच्याशी भांडून भांडून चार घमेली खत कमी भावात घेतलं आणि स्वतःवर खूश होऊन वाफ्यात पसरलं. आषाढात पाहते तर कडेकडेनं ओळखीची पानं. लांबट, मधून किंचित लालसर. मी उकिडवी बसले आणि हात आपोआप त्या रोपाच्या मुळाशी गेला, उपटायला. तो मी दुसऱ्या हातानं धरला.

हात कसा विसरेल? सात-आठ बाया ओळीनं बसायच्या, प्रत्येकीला आपली पात. खुरप्याचं टोक रोपाच्या बुडाशी घालायचं, मनगट वळवायचं, डाव्या हातानं तण उचलून मागं टाकायचं आणि बसल्या बसल्या पुढं सरकायचं. दिवसभर उभं राहायचं नाही. आमच्याकडं रिवाज असा होता की पीक मालकाचं आणि तण खुरपणारीचं. शेतमालक त्याबद्दल बोलायचा नाही, बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण कुर्डूचे, तांदुळजाचे कोवळे शेंडे बाया ओच्यात जमा करायच्या आणि संध्याकाळी घरोघर तीच भाजी शिजायची. लसणाची फोडणी, वरून दाण्याचं कूट असलं तर असलं. माझी आई राहीबाई, आम्ही तिला माय म्हणायचो, तिची एक सवय होती. पात संपून बांध आला की शेवटचं एक कुर्डूचं रोप ती ठेवून द्यायची. दर पातीला एक. मालकाला दिसू नये म्हणून बांधाच्या गवतात वाकवून.

"माय, ते राहिलं की."

"राहू दे. त्याचं बी पडलं तर फुडल्या साली भाजी."

मी थोडी मोठी झाल्यावर मला कळलं की त्याचं बी पडलं तर पुढच्या साली खुरपणीही. म्हणजे माय मालकाला फसवत होती असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण बांधावरच्या त्याच कुर्डूवर माश्या यायच्या आणि तिथून मालकाच्या तुरीवर, तिळावर जायच्या, हे मालकाला कधी कुणी सांगितलं नाही. मायलाही ठाऊक नव्हतं. ज्या व्यवहारात दोघांचं भलं होतं आणि दोघांनाही ते माहीत नसतं, असा व्यवहार मी पुढं आयुष्यात पुन्हा पाहिला नाही.

ठकू त्या शेतमालकाची सून. धनगराची. त्यांच्या घरी आधी नुसती मेंढरं होती, मग विहीर झाली, मग ती काळी जमीन. मालकीण असून ती आमच्या ओळीत बसून खुरपायची, कारण तिच्या सासऱ्याला एक मजूर वाचवायचा असायचा. माझ्याएवढीच होती, सतरा-अठराची. लई बोलकी. आजूबाजूला पुरुषमाणूस नसला की मायला "राहीमाय" म्हणायची, सासरा बांधावर दिसला की "राहीबाई". माझी कुर्डूची भाजी तिला आवडायची. तिच्या घरी ती भाजी करत नसत, आमची भाजी म्हणून. दुपारी चिंचेखाली ती माझ्या फडक्यातली घ्यायची आणि मला तिची लसणाची चटणी द्यायची. आपापल्या भाकरीवर ठेवून खायचो, भाकरीला भाकर लावायची नाही. तेवढा नियम दोघी पाळायचो, आणि पाळताना दोघी एकमेकींकडं बघून हसायचो.

आणि मग ते वर्ष आलं. विद्यापीठाला नाव द्यायचं मुंबईत ठरलं, आणि इकडं आमच्या वस्तीचं दळण बंद झालं. आम्ही बौद्ध. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. आमच्यातला एकही जण तोवर विद्यापीठाच्या दारात गेला नव्हता. मीच काय ती सातवी शिकलेली. दुसऱ्या गावांत घरं पेटली, माणसं गेली. आमच्या गावानं स्वतःला शहाणं समजून आग लावली नाही. नुसतं ठरवलं: ह्यांना दुकानातून मीठ द्यायचं नाही, गिरणीत दळण घ्यायचं नाही, आणि कामाला बोलवायचं नाही.

गावाचा हिशोब एका ठिकाणी चुकला. त्यांनी खुरपणाऱ्यांवर बहिष्कार टाकला आणि पावसाळा ऐन भरात होता.

त्या वर्षीसारखा कुर्डू मी जन्मात पाहिला नाही. आषाढाची खुरपणी झाली नाही, श्रावणाची झाली नाही. बाजरी गुडघ्याला आणि कुर्डू छातीला. पोळा झाला तेव्हा करमाडच्या रस्त्यापर्यंत शिवार गुलाबी झालं होतं. वाऱ्यानं लाट यायची, वरचा गुलाबी रंग वाकायचा आणि खालचा रुपेरी उघडा पडायचा. आमच्या वस्तीच्या वर चढावर उभं राहिलं की त्याचा आवाज यायचा, माश्यांचा, सगळं शिवार एकाच सुरात. बाया रोज संध्याकाळी तिथं उभ्या राहायच्या आणि बघायच्या. पोटात भूक, घरात पीठ नाही, आणि समोर ते असं. एक म्हातारी म्हणायची, "बघा गं, आपल्याला हाकललं तर ह्यो आला आपल्या जागी." बाया हसायच्या. मला त्या हसण्याचा आवाजही आठवतो. सुंदर होतं, हे मी लिहिते आहे आणि लिहिताना मला लाज वाटते. पण सुंदर होतं.

पोळ्यानंतर एका संध्याकाळी ठकू ओढ्यावर आली. कडेवर तान्हं पोर, डोक्यावर धुणं, कुणी पाहिलं तर धुवायला आले असं म्हणायला.

"कौसे, बाजरी गेली गं आमची. सासरा, नवरा, म्या, तिघं मिळून दोन पाती बी न्हाय झाल्या. तू आन् राहीमाय येता का? सकाळच्या पारी, वढ्याकडच्या अंगाला. दुप्पट देते."

मी तिला नीट पाहून घेतलं. गरज तिला होती. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा, आणि आज चाळीस-पंचेचाळीस वर्षं सौदे करून सांगते, मी तो वाईट केला नव्हता.

"दुप्पट नको," मी म्हटलं. "हाय तीच मजुरी दे. पर कुणी इचारलं तर सांगायचं, मीच बोलावलं. येवढंच."

"व्हय. सांगंन."

"सगळ्यांम्होरं."

"सांगंन म्हणलं ना! पोराची आण."

माय यायला तयार नव्हती. "पाला खाऊन जगतोय ते बरंय. नको जाऊ," म्हणाली. मी म्हटलं, "माय, सौदा पक्का केलाय म्या. तू चल." माझ्या शब्दावर ती आली.

चार पाती झाल्या. मायनं सवयीनं बांधाला एक रोप ठेवलं, ओचा शेंड्यांनी भरला. तेवढ्यात ओढ्याच्या वाटेनं माणसं आली, सात-आठ, त्यांत ठकूचा सासराही. गावाचं ठरलेलं ज्यानं मोडलं त्याला गाव जाब विचारणार होतं, आणि सासरा घाबरलेला दिसत होता. "कुणी बोलावलं तुम्हाला?" एकानं विचारलं. मायनं ठकूकडं पाहिलं. मीही पाहिलं. ठकू बाजरीत उभी, कडेवर पोर, पदर दातात.

"मला काय ठावं," ठकू म्हणाली. "भाजी चोरायला आल्या असतील ह्या बाया."

राहीमाय नाही, राहीबाई नाही. ह्या बाया.

त्यांनी मारलं नाही. मायला उभं केलं आणि ओचा सोडायला लावला. भाजीचा ढीग तिच्या पायावर पडला. एकानं तिच्या हातातलं खुरपं घेतलं, ज्याची मूठ तिच्या बोटांच्या आकारानं झिजली होती, आणि ओढ्यात फेकलं. आम्ही बाजरीतून बाहेर आलो. मागं कुणी तरी म्हणालं, "भाजीचोर." मी वळले होते, मायनं माझा दंड असा धरला की पुढं चार दिवस तिथं निळं होतं.

पितृपक्षात आम्ही गाव सोडलं. करमाडच्या स्टेशनाकडं चालत जाताना वाटेच्या दोन्ही बाजूंना कुर्डू होता. खालचं बी पिकायला लागलेलं. चालता चालता मी एक तुरा तोडून मुठीत घेतला. "टाक ते," माय म्हणाली. "पुन्यांदा चोर म्हणतील." रस्त्याच्या कडेचा तो, कुणाच्याच शेतातला नव्हता. मी टाकला.

शहरानं आम्हाला विचारलं नाही की तुम्ही कोण. तेव्हा चिकलठाण्याला कारखाने वाढत होते, भोंगा झाला की सायकलींचा लोंढा सुटायचा आणि त्या सगळ्यांना भूक लागलेली असायची. मी गेटवर पोळी-भाजीची पाटी घेऊन बसले. मग दोन पाट्या, मग टपरी, मग एका कारखान्याचं कँटीन, मग वाळूजला दुसरं. साहेबलोकांशी, ठेकेदारांशी, भाजीमंडईतल्या आडत्यांशी भांडून मी हे घर उभं केलं. ओढ्यावरच्या त्या संध्याकाळनंतर बोलण्यावर मी कधी सौदा केला नाही. आधी कागद, मग काम. लोक मला तिरसट म्हणतात. असेन. माझ्या तोंडाला घाबरून कुणी मला नासका बटाटा दिला नाही, एवढं खरं.

पण माय बदलली ती बदललीच. मी मंडईत कोथिंबिरीच्या एका काडीसाठी भांडायची, आणि ही माझ्या मागं उभी राहून, भाजीवाल्यानं पिशवीत आपणहून टाकलेला कढीपत्ता गुपचूप काढून त्याच्या पाटीत परत ठेवायची. "मावशी, राहू द्या की," तो म्हणायचा. "नको बाबा. मोजून दिलं तेवढंच." कुणाच्या कुंपणाबाहेर आलेल्या फांदीचा पेरू तिनं पोरांना तोडू दिला नाही. कुर्डूची भाजी तर तिनं पुन्हा तोंडात घातली नाही. विद्यापीठाच्या कमानीवर नाव लागलं तेव्हा मी तिला रिक्षातून तिथं घेऊन गेले. किती वर्षांची घासाघीस होऊन ते लागलं होतं. जुनं नावही राहिलं, नवंही आलं. मला त्यातला सौदा कळत होता, आणि तरी माझे डोळे भरून आले. मायनं कमानीकडं बराच वेळ पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, "कौसे, ते नाव लागलं. आपल्या नावाचं काय?"

मला आधी कळलं नाही ती काय म्हणते. मग कळलं. गावात तिचं नाव अजून भाजीचोर होतं. हे खोटं नाही. चार वर्षांपूर्वी करमाडला एका लग्नात एका अनोळखी तरुण बाईनं माझ्याशी ओळख काढली आणि अगदी प्रेमानं विचारलं, "म्हणजे त्या भाजीचोर राहीची लेक का तुम्ही?" तिला ते आडनाव वाटत होतं.

मायनं डोळे मिटायच्या आधी मी तिच्यापाशी कबूल केलं. "माय, तुला तिथं मीच नेलं. सौद्याच्या नादात नेलं." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझा काय दोष. तू भाव बरोबर केला होता."

ह्या श्रावणात दुपारी रिक्षा थांबली आणि ठकू उतरली. सुनेनं पत्ता लिहून दिलेला कागद तिच्या हातात होता. मी ओळखलं नाही; तिनं फाटक उघडून आत पाऊल टाकलं, वाफा पाहिला आणि दोन्ही हातांनी कुर्डूचे शेंडे खुडायला लागली, तेव्हा ओळखलं. असे दोन्ही हात चालवणारी बाई खुरपणीच्या ओळीतलीच असते. तिची काळी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली. लेकानं शहरात चौथ्या मजल्यावर घर घेतलं. चिंच गेली, ओढा पत्र्याच्या भिंतीमागं गेला.

"कौसे, तिकडं आता कुर्डू बी न्हाय राह्यला गं," ती म्हणाली. "समदं सिमिट. माझ्या गॅलरीत चार कुंड्या हायत्या. मूठभर बी दे मला."

"ते अजून पिकायचंय. पिकल्यावर देते. किंमत आहे."

"किती?"

"तू दिलेली नाहीस तीच. एक वाक्य."

ती पायरीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "कडंवर लेकरू व्हतं. सासरा समोर. त्यांनी आमचं बी दळण बंद केलं असतं. काय बोलणार व्हते मी, तूच सांग?"

मला सगळं समजतं. तेव्हाही समजलं होतं. अठरा वर्षांची सून, भोवती गाव. तिच्या जागी मी असते तर काय बोलले असते, ह्याचा विचार मी तिच्यापेक्षा जास्त वेळा केला असेल. "तेव्हाचं राहू दे," मी म्हटलं. "आता कुणाचं दळण बंद होणार आहे? आता बोल."

"आता ऐकायला कोण राह्यलंय गं?" ठकू म्हणाली. मी चहा करायला आत गेले, रागानं. माझा राग चहाएवढा वेळ टिकतो आणि मग वर्षभर मुरतो. कप घेऊन बाहेर आले तर ती वाफ्यात उकिडवी बसलेली होती, पंचाहत्तरीच्या बाईसारखी वाकलेली, आणि नुसत्या बोटांनी खुरपत होती. हरळी, लव्हाळा, केना, सगळं मुळासकट काढून एका बाजूला नीट रचलेलं. कुर्डूच्या एकाही रोपाला धक्का नव्हता. चहा तिनं माझ्याच कपात घेतला. जाताना तणाचा ढीग तिथंच राहिला. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि उचलला नाही. रिवाजानं तो तिचा होता.

तेव्हापासून वाफा असा फुलला आहे की विचारू नका. मॅडम रोज कुंपणावरून फोटो काढतात. दिवाळीपर्यंत वरचा गुलाबी उडेल, तुरे पांढरे होतील, मग मी ते कागदावर उलटे धरून झटकेन. थोडे उभे ठेवीन, वाफ्याच्या कडेला वाकवून, चिमण्यांसाठी आणि पुढच्या सालासाठी. बाकीचं बी डब्यात जाईल. डबा फळीवर रिकामा करून ठेवला आहे.

ठकू, खुरपण झकास केलंस. पण मी तुला मजुरीला लावलं नव्हतं, आणि त्या मजुरीत हा सौदा मिटत नाही. माझ्या वाट्याचं मी बोलून बसले आहे: मायला मीच नेलं. दुसरा अर्धा तुझा आहे, तो मला तुझ्या वतीनं बोलता येत नाही. ऐकायला कोण राहिलंय म्हणतेस? मी आहे. तुझा तो कडेवरचा लेक आहे, ज्याची आण घेतली होतीस. करमाडच्या लग्नातली ती बाई आहे. तेव्हा दिवाळीला ये, एकटी येऊ नको, लेकासुनेला घेऊन ये, आणि माझ्या ह्या पायरीवर उभी राहून त्यांच्यासमोर सांग: राहीमायला त्या सकाळी शेतात कुणी बोलावलं होतं?